कोण, केवढे आणि कोणाचे?

पासपोर्टच्या अर्जात सहीसाठी एक चौकट असते. अर्जदार चार महिन्यांचा असेल तर त्या चौकटीत काय येणार? नियमाने याचे उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे. सही करता येत नसेल तर अंगठा घ्यायचा. मुलगा असेल तर डाव्या हाताचा, मुलगी असेल तर उजव्या हाताचा. तान्ह्या बाळाची मूठ सहजी उघडत नाही. आई एकेक बोट सोडवते, बाबा शाईचा पॅड पुढे करतो, आजी मागून ‘हळू, हळू’ म्हणत राहते, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर कागदावर हरभऱ्याच्या डाळीएवढा ठसा उमटतो.

काही आठवड्यांनी त्या ठशाच्या मालकाच्या नावे टपालाने पासपोर्ट येतो. मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानात हे बाळ आईच्या मांडीवर बसून जाईल. त्याला खुर्ची मिळणार नाही आणि सामानाची सवलतही जेमतेम असेल. पासपोर्ट मात्र त्याचा स्वतःचा, आईच्या पासपोर्टइतकाच पक्का असावा लागतो.

पूर्वी असे नव्हते. मूल आईच्या किंवा वडिलांच्या पासपोर्टातली एक ओळ असे. जुन्या भारतीय पासपोर्टांत मुलांची नावे आणि जन्मतारखा लिहायला जागा ठेवलेली असे. कुटुंब एकत्र निघाले की त्या एका पुस्तिकेवर सगळ्यांचे भागून जाई. यात अडचणी दोन होत्या. मुलाचे नाव वडिलांच्या पासपोर्टात असेल आणि प्रवासाला आई निघाली, तर मूल अडकून पडे. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. पासपोर्टात नुसते नाव आणि तारीख असे, मुलाचा फोटो असेलच असे नाही. मग समोर उभे असलेले पाच वर्षांचे पोर म्हणजे त्या ओळीतलेच पोर, हे सीमेवरच्या अधिकाऱ्याने कशावरून ठरवायचे?

ब्रिटनने ५ ऑक्टोबर १९९८पासून पालकांच्या पासपोर्टात नव्याने मुले लिहिणे बंद केले. युरोपीय संघात २६ जून २०१२पासून प्रत्येक मुलाला स्वतःचा पासपोर्ट अनिवार्य झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयकाओचे, ‘एक माणूस, एक पासपोर्ट’ हे तत्त्व त्यामागे होते. यंत्राने वाचायच्या पासपोर्टांमुळे ते आणखी बळकट झाले. पानाच्या तळाशी ज्या दोन ओळी यंत्र वाचते, त्यांत एकाच माणसाची माहिती मावते. यंत्राने वाचता न येणारे जुने पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५नंतर जगभर बाद धरले गेले. जर्मनीत मुलांसाठी झटपट मिळणारी एक वेगळी, साधी पासपोर्ट-पुस्तिका होती. १ जानेवारी २०२४पासून तीही देणे थांबले.

विमानतळावर मुलाच्या कागदपत्रांवरून जे काही बोलणे होते, त्याच्या मुळाशी तीन प्रश्न असतात. हे मूल कोण? केवढे? आणि कोणाचे? मोठ्या माणसाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की काम भागते. मुलाच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे लागतात, आणि बहुतेक घरांची तयारी पहिल्याच प्रश्नापुरती असते.

देशांतर्गत प्रवासात त्यातला मधला प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर २०१७मध्ये विमानतळावर चालणाऱ्या दहा प्रकारच्या ओळखपत्रांची यादी जाहीर केली. तीत पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना असे नेहमीचे कागद होते. त्याच वेळी असेही स्पष्ट केले गेले की वैध ओळखपत्र असलेल्या आईवडिलांसोबत जाणाऱ्या बालकाला वेगळे ओळखपत्र लागणार नाही. हे वाचून अनेक जण निर्धास्तपणे रिकाम्या हाताने निघतात आणि चेक-इन काउंटरवर अडतात. कारण दारावरच्या सुरक्षा जवानाला जे लागत नाही, ते विमान कंपनीला लागते. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचा प्रवासी म्हणून नाममात्र आकार असतो. दोन वर्षे पूर्ण झाली की पूर्ण जागेचे तिकीट घ्यावे लागते. म्हणून कंपनी वयाचा पुरावा मागते, आणि जन्मदाखला त्यासाठी सगळ्यांत चांगला. जाताना बाळ तेवीस महिन्यांचे आणि परतताना दोन वर्षांचे होणार असेल, तर परतीचे तिकीट जागेसह काढावे लागते. दोन्ही तिकिटे एकदमच काढायच्या घाईत ही गोष्ट हमखास निसटते.

मामासोबत किंवा आत्यासोबत निघालेल्या मुलाची गोष्ट निराळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरांना घेऊन मामाने गोव्याला जाणे आपल्याकडे इतके स्वाभाविक आहे की त्यासाठी काही कागद लागेल हे कोणाच्या मनातही येत नाही. पण ओळखपत्राची सूट आईवडिलांसोबतच्या मुलांसाठी आहे. मामाबरोबर जाणाऱ्या भाच्याच्या खिशात आधार किंवा शाळेचे ओळखपत्र असलेले बरे. पाच वर्षांखालच्या मुलांना निळ्या रंगाचे बाल आधार मिळते. त्यासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या आणि पुढे पंधराव्या वर्षी द्यावे लागतात.

एकाच पीएनआरवर असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी किंवा सोबतच्या पालकापैकी किमान एकाशेजारी जागा द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४मध्ये कंपन्यांना बजावले. म्हणजे मुलाचे तिकीट वेगळे काढले नाही, तर ‘हे मूल कोणाबरोबर’ या प्रश्नाचे उत्तर तिकिटावरच मिळते.

नेपाळला विमानाने जाताना या सगळ्याला एक वेगळाच पदर येतो. भारतीयाला तिथे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून जाता येते. पण मतदार ओळखपत्र अठरा वर्षांनंतर मिळते, मग पासपोर्ट नसलेल्या मुलाने काय करायचे? पंधरा वर्षांखालच्या मुलांना वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद चालतो, आणि त्यात आधारही धरले जाते, असे गृह मंत्रालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. पंधरा ते अठरा या वयोगटासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. त्यामुळे दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी अशा भावंडांना घेऊन काठमांडूला निघालेल्या आईच्या हातात दोन मुलांसाठी दोन तऱ्हांचे कागद असू शकतात, आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायला शाळेला सुट्टी लागण्याआधी जावे लागते.

परदेशी जायचे तर सुरुवात जन्मदाखल्यापासून करावी लागते, आणि महाराष्ट्रात तिथेच पहिली ठेच लागते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. रुग्णालये ती माहिती लगेच पाठवून देतात. बारसे मात्र बाराव्या दिवशी, आणि कित्येक घरांत सवडीने, सव्वा महिन्यानंतर. तोवर महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आईचे नाव, वडिलांचे नाव, तारीख, वेळ सगळे लिहून झालेले असते. बाळाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा राहतो. दाखला हाती येतो, तो फायलीत जातो, आणि कोऱ्या रकान्याची आठवण थेट पासपोर्टचा अर्ज भरताना येते. नाव नंतर, अगदी पंधरा वर्षांपर्यंतही, घालता येते. पण त्यासाठी पुन्हा त्याच कार्यालयात जावे लागते, आणि ते कार्यालय बाळंतपण जिथे झाले त्या आजोळच्या गावी असते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत इथे चारशे किलोमीटरची खेप घडवू शकते.

हा दाखला आता पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालेल, असा बदल फेब्रुवारी २०२५मध्ये पासपोर्ट नियमांत झाला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, वाहन परवाना असे पर्याय अजून आहेत. आज अंगणवाडीत जाणाऱ्या पिढीला ते नाहीत.

नाव कसे लिहायचे, हाही प्रश्न असतोच. मराठी माणसाच्या नावाला तीन मजले असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पासपोर्टच्या अर्जात घरे दोनच असतात. एक दिलेल्या नावाचे, दुसरे आडनावाचे. वडिलांचे नाव पहिल्या घरात मुलाच्या नावापुढे लिहिण्याची आपल्याकडची पद्धत आहे. आता तर चौथा मजला चढला आहे. राज्य सरकारच्या २०२४च्या निर्णयानुसार १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची आहेत. आईला दाखल्यावर हक्काची जागा देणारा हा निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र तिकीट काढताना पासपोर्टावरचे नाव अक्षरन् अक्षर उतरवण्याची सवयही आता लावून घ्यायला हवी. घाईने ‘आर्या पाटील’ एवढेच लिहून तिकीट काढले आणि पासपोर्टावर ‘आर्या स्नेहा सचिन पाटील’ असेल, तर कधी निभावून जाते, कधी तिकीट दुरुस्त करून घ्यावे लागते. याच्या उलट टोकही त्रासाचे आहे. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२मध्ये पासपोर्टावर एकच शब्दाचे नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक म्हणून प्रवेश देणे थांबवले. पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते धरू, असा खुलासा नंतर झाला. जातीची ओळख नको म्हणून मुलाचे आडनाव मुद्दाम न लावणारी घरे महाराष्ट्रात आहेत. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

फोटोचे प्रकरण सर्वांत नाजूक. पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचे फोटो तिथेच काढतात, पण चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो. नियम म्हणतो चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, मागे-पुढे कोणी दिसता कामा नये. तीन महिन्यांच्या बाळाकडून हे चारही एका क्षणी मिळवणे म्हणजे छायाचित्रकाराची परीक्षा. जाणते छायाचित्रकार बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवतात आणि वरून फोटो काढतात, कारण बसवले की मान कलते आणि धरले की धरणाऱ्याचा हात दिसतो. ब्रिटनने या बाबतीत मुलांच्या वयाचा विचार नियमांतच केला आहे. तिथे एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे उघडे नसले तरी चालतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलाने थेट कॅमेऱ्यात बघायलाच हवे असे नाही.

त्या फोटोतला चेहरा फार दिवस टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच मुलांच्या पासपोर्टची मुदत कमी असते: भारतात पाच वर्षे किंवा अठरावा वाढदिवस, यांपैकी जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना हवी असेल तर पूर्ण दहा वर्षांची मुदत मिळते. अमेरिका आणि ब्रिटनही सोळा वर्षांखालच्या मुलांना पाचच वर्षांचा पासपोर्ट देतात. भारतात मुलांच्या पासपोर्टचे शुल्क एक हजार रुपये आहे, आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना पहिल्या पासपोर्टावर २०१७पासून दहा टक्के सूट आहे. खरा फटका शुल्काचा नाही, तारखेचा बसतो. सिंगापूर, अमिराती असे देश पासपोर्टात किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. त्यामुळे पाच वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेचार वर्षेच कामाचा. आईवडील स्वतःच्या दहा वर्षांच्या हिशेबाने चालतात, आणि मुलाची मुदत सरत आल्याचे व्हिसाचा अर्ज भरताना लक्षात येते.

आता तिसरा प्रश्न. हे मूल कोणाचे, आणि त्याला घेऊन जायला कोणाची संमती आहे?

पासपोर्टच्या अर्जासोबत ‘अनेक्श्चर डी’ नावाचे घोषणापत्र जोडतात. त्यावर आई आणि वडील दोघांच्या सह्या असतात. दोघांच्या सह्या असतील तर केंद्रावर एकाने मुलाला घेऊन गेले तरी चालते. दुसऱ्या पालकाची सही मिळणे शक्यच नसेल, म्हणजे तो सोडून गेला असेल, वेगळा राहत असेल, सही द्यायला नकार देत असेल, तर ‘अनेक्श्चर सी’ भरायचे. दोन साध्या कागदांमधला हा फरक प्रत्यक्षात कित्येक स्त्रियांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड उंबरठा ठरला आहे.

त्याची मुळे जुनी आहेत. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी मुलाच्या वतीने अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही हवी म्हणून तो परत आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असे नाही, वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील तरी आई पालकच, असा अर्थ न्यायालयाने १९९९मध्ये लावला. तरीही पासपोर्टच्या खिडकीशी वडिलांच्या नावाचा आग्रह पुढे बरीच वर्षे चालू राहिला. दिल्लीत एका मुलीला जन्मापासून एकट्या आईने वाढवले होते. तिचे आधीचे पासपोर्ट वडिलांच्या नावाशिवाय निघाले होते. नव्या वेळी मात्र संगणकातला तो रकाना भरल्याशिवाय अर्जच पुढे सरकेना. मे २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वडिलांच्या नावाचा आग्रह न धरता अर्ज घ्यायला सांगितले आणि त्यासाठी संगणक प्रणाली बदलण्याचाही आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. आई किंवा वडील किंवा पालक यांपैकी एकाचेच नाव चालेल, विवाहाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा लागणार नाही, असे ठरले. पंधरा प्रकारच्या घोषणापत्रांची संख्या नऊवर आली. दत्तक, अनाथ आणि विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या मुलांसाठीही वाट सोपी झाली.

प्रश्न संपला मात्र नाही. पुण्यातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जायचे होते. आईवडिलांमध्ये घटस्फोटाचा वाद चालू होता आणि वडिलांनी हरकत घेतली होती, म्हणून पासपोर्ट अडला. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला आणि दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्यास सांगितले. परदेश प्रवासाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे मनेका गांधी खटल्यात १९७८मध्येच ठरले होते. आईवडिलांच्या भांडणापायी मुलीचा तो हक्क हिरावला जाऊ नये, हे न्यायालयाने इथे नेमके ओळखले.

दोन सह्यांच्या आग्रहामागे खरी भीतीही आहे, तीही समजून घ्यायला हवी. आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत मूल उचलून परदेशी न्यायचे आणि दुसऱ्याने वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, असे जगात सतत घडते. अशा मुलांना लवकर परत आणण्यासाठी १९८०मध्ये हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सहभागी नाही. त्यामुळे परदेशात वेगळे झालेल्या भारतीय जोडप्यांच्या खटल्यांत ‘मूल भारतात नेले तर परत येईल का’ ही शंका वरचेवर निघते. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. जो हजर राहू शकत नाही, त्याने नोटरीसमोर सही केलेले संमतिपत्र द्यायचे. ब्राझील एका पालकासोबत देशाबाहेर निघालेल्या आपल्या मुलांकडे दुसऱ्या पालकाची अधिकृत परवानगी मागते. फ्रान्सने असे परवानगीपत्र २०१३मध्ये रद्द केले होते. जानेवारी २०१७मध्ये पालकांशिवाय निघणाऱ्या मुलांसाठी ते पुन्हा सुरू केले.

दक्षिण आफ्रिकेने सर्वांत कडक पाऊल उचलले. जून २०१५पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलासोबत आईवडील दोघांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला सक्तीचा झाला. हेतू मुलांची तस्करी रोखण्याचा होता. पण अनेक देशांतल्या जन्मदाखल्यांवर ही माहिती नसतेच, त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे विमानतळावरून परत फिरली आणि पर्यटन व्यवसायाने आरडाओरडा केला. २०१९च्या अखेरीस परदेशी मुलांसाठी ही सक्ती सैल करण्यात आली.

भारतीय पासपोर्टला या बाबतीत एक फायदा आहे. आजवर निघालेल्या पासपोर्टांच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे छापलेली आहेत. त्यामुळे आईचे आडनाव माहेरचे आणि मुलाचे वडिलांचे असले, तरी नाते त्या पानावरून दाखवता येते. अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्टावर आईवडिलांची नावे नसतात. न्यू जर्सीहून नातवाला सुट्टीसाठी पुण्याला घेऊन निघालेल्या आजी-आजोबांची अडचण इथेच होते. नातवाचा पासपोर्ट अमेरिकी, आजीचा भारतीय, आडनावे कदाचित वेगळी. आपल्या दृष्टीने यात विचारण्यासारखे काही नाही, पण काउंटरपलीकडच्या माणसाला दोन अनोळखी वृद्ध आणि एक परदेशी मूल एवढेच दिसते. अशा वेळी मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत आणि आईवडिलांनी नोटरीसमोर सही केलेले पत्र हाती असावे. मूल कोणासोबत, कुठे, किती दिवस जाते आहे आणि आईवडिलांचा फोन क्रमांक काय, हे त्यात लिहिलेले असावे. आजीला ते मागितले म्हणून अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या मुलाला वाचवणारा असू शकतो.

परदेशी जन्मलेल्या मराठी मुलांचे कागद देशागणिक बदलतात. दुबईत जन्मलेल्या बाळाला तिथले नागरिकत्व मिळत नाही. १२० दिवसांत त्याचा निवासी व्हिसा काढावा लागतो, व्हिसाला पासपोर्ट लागतो, म्हणून बाळंतिणीची खोली सोडायच्या आत वकिलातीच्या अर्जाची धावपळ सुरू होते. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करायची, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यायचे, असे नागरिकत्व कायदा सांगतो. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्मतःच तिथले नागरिक. त्याला भारतात यायला अमेरिकी पासपोर्टसोबत व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड लागते. मग मोठी बहीण पुण्यात जन्मलेली भारतीय आणि धाकटा भाऊ डॅलसमध्ये जन्मलेला अमेरिकी, अशी भावंडे इमिग्रेशनच्या दोन वेगळ्या रांगांत उभी राहतात. गोव्यातही असे घडते. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग एकाच घरात वडिलांचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बाकीच्यांचे भारतीय, असे होते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम हरवली तर काय होते, हे २००८ साली गुजरातेतल्या आणंदमध्ये दिसले. जपानी जोडप्यासाठी सरोगसीतून जुलैमध्ये एक मुलगी जन्मली. तिच्या जन्माच्या महिनाभर आधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. न्यायालयाच्या कागदांत ती ‘बेबी मांजी’ म्हणून ओळखली जाते. जपानला सरोगसी मान्य नव्हती, त्यामुळे तिथला पासपोर्ट मिळेना. भारतीय पासपोर्ट आईशी जोडलेला, आणि तिची आई कोण, याचेच उत्तर कोणाकडे नव्हते. वडील तिला दत्तक घेऊ शकत नव्हते, कारण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घ्यायला कायद्याने मनाई होती. त्यांच्या व्हिसाची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. मग आजी जपानहून आली आणि बाळाला सांभाळत राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी नोव्हेंबरच्या सुरुवातीला जयपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाने तिला पासपोर्टऐवजी एक ओळख प्रमाणपत्र दिले, आणि जपानने मानवतेच्या भूमिकेतून व्हिसा दिला. तीन महिन्यांची ती मुलगी आजीच्या मांडीवर बसून भारतातून निघाली, तेव्हा तिच्याजवळच्या त्या कागदावर राष्ट्रीयत्व लिहिलेले नव्हते आणि आईचे नावही नव्हते.